शोधशब्द ग्राहकाचे, नाव आपले : पहिले संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वीचे दोन निर्णय

भिलाई (छत्तीसगड) : भिलाईच्या पोलाद वसाहतीत पत्ता सांगायला सेक्टरचा क्रमांक पुरतो. 'सेक्टर 6' म्हटले की रिक्षाचालकाला आणखी काही सांगावे लागत नाही. मात्र तेवढेच शब्द इंटरनेटवर शोधले, तर नोएडा, चंदीगड, बोकारो आणि रुरकेला येथील 'सेक्टर 6'ही उत्तरांत येऊ शकतात. 'पॉवर हाऊस' या शब्दांचेही तेच. भिलाईत ती गजबजलेली बाजारपेठ आणि रेल्वेस्थानक आहे. शहराबाहेरच्या वाचकाला मात्र त्यातून केवळ वीजकेंद्राचा बोध होतो. गावात पुरेसा असलेला पत्ता महाजालावर अपुरा पडतो.

स्वतःचे संकेतस्थळ प्रथमच सुरू करणाऱ्या लहान व्यावसायिकाची अडचण येथूनच सुरू होते. ग्राहक आपल्याला कोणत्या शब्दांनी शोधतो, हा त्याच्यापुढील पहिला प्रश्न. आपल्या संकेतस्थळाचे नाव काय असावे, हा दुसरा. पहिल्याला 'कीवर्ड'चा, म्हणजे शोधशब्दांचा अभ्यास म्हणतात आणि दुसऱ्याला डोमेन नावाची निवड. अनेकजण हे दोन्ही प्रश्न एकच समजतात आणि सर्वाधिक शोधला जाणारा शब्दच नाव म्हणून घेऊन मोकळे होतात. प्रत्यक्षात दोन्ही निर्णयांचे स्वरूप वेगळे आहे. शोधशब्द ग्राहकाच्या तोंडचे असतात, ऋतूप्रमाणे बदलतात आणि संकेतस्थळाच्या पानांवर हवे तेव्हा बदलता येतात. नाव मात्र मालकाचे असते. ते पाटीवर, पिशवीवर, ई-मेलच्या पत्त्यात आणि ग्राहकाच्या स्मरणात जाऊन बसते, आणि एकदा बसलेले नाव बदलणे महागात पडते.

करंजी, गुजिया आणि कुसली

सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये झालेल्या करारातून भिलाईचा पोलाद कारखाना उभा राहिला आणि 1959 मध्ये तत्कालीन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून कुटुंबे येथे येऊन स्थिरावली. त्यांत मराठी कुटुंबेही होती. एकाच गल्लीत हिंदी, छत्तीसगडी, तेलुगू, बंगाली आणि मराठी कानावर पडावी, अशा या शहरात शोधशब्दांचा अभ्यास कसा करावा, हे एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होते.

भिलाईतील एखाद्या मराठी गृहिणीने दिवाळीचा फराळ घरी करून विकण्यासाठी संकेतस्थळ काढायचे ठरवले, असे समजू. तिच्या मनातील पहिला शब्द असेल 'फराळ'. मराठी ग्राहकाला तो पुरेसा आहे. हिंदी भाषकाला मात्र त्यावरून 'फलाहार', म्हणजे उपवासाचे पदार्थ आठवण्याची शक्यता अधिक. ती ज्याला करंजी म्हणते, त्याच्याशी मिळताजुळता पदार्थ हिंदी भाषक 'गुजिया' म्हणून शोधेल आणि छत्तीसगडी घरातील ग्राहक 'कुसली' म्हणून. तिची शंकरपाळी दुसऱ्याचा 'शक्करपारा' असतो. पदार्थ तयार आहे, ग्राहकही दोन गल्ल्यांपलीकडे आहे. परंतु दोघांचे शब्द वेगळे असल्यामुळे त्यांची गाठ पडत नाही.

येथे आणखी एक पदर आहे. भारतीय भाषांतील शब्द अनेकजण रोमन लिपीत टंकतात. 'फराळ' कोणी 'एफ'पासून सुरू करतो, कोणी 'पीएच'पासून. 'ळ'साठी रोमन लिपीत स्वतंत्र अक्षरच नाही. त्यामुळे एकाच शब्दाची देवनागरी आणि दोन-तीन रोमन रूपे वहीत उतरवून घेणे, हे अभ्यासाचे पहिले पाऊल ठरते. यासाठी संगणकाची गरज नाही. गेल्या दोन-तीन महिन्यांत ग्राहकांनी फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नेमक्या कोणत्या शब्दांत विचारणा केली, ते त्यांच्याच भाषेत लिहून काढले, तरी पंधरा-वीस शोधशब्दांची यादी सहज तयार होते.

मोफत साधने आणि त्यांच्या मर्यादा

ही यादी पारखण्यासाठी उपलब्ध असलेली बरीच साधने विनामूल्य आहेत. सर्वांत सोपे साधन शोधखिडकीतच दडलेले असते. शब्द अर्धवट टंकताच खाली दिसणाऱ्या सूचना आणि निकालांच्या पानावरील संबंधित शोध यांतून लोक त्या शब्दाला काय जोडून विचारतात, याचा अंदाज येतो.

दुसरे साधन 'गुगल ट्रेंड्स'. त्यात देश, राज्य आणि कालावधी निवडून दोन-तीन शब्दांची तुलना करता येते. मात्र तेथील 0 ते 100 हे आकडे शोधांची प्रत्यक्ष संख्या नसतात. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात ज्या क्षणी त्या शब्दाचे प्रमाण सर्वाधिक होते, त्याला 100 मानून बाकीचे आकडे त्याच्या तुलनेत दिलेले असतात. म्हणून '100' पाहून हुरळून जाण्यात अर्थ नाही. या साधनाचा खरा उपयोग हंगाम समजण्यासाठी होतो. फराळाशी संबंधित शब्दांची मागणी दिवाळीच्या किती आठवडे आधी वाढू लागते, हे मागील पाच वर्षांच्या आलेखावरून दिसले, तर पाने त्यापूर्वीच तयार ठेवता येतात.

तिसरे साधन 'कीवर्ड प्लॅनर'. ते मुळात जाहिरातदारांसाठी असून त्यासाठी गुगलच्या जाहिरात सेवेत खाते उघडावे लागते. जाहिरातींवर खर्च न करणाऱ्या खात्याला महिन्याच्या शोधांचा नेमका आकडा न मिळता 'शंभर ते हजार' अशी ढोबळ व्याप्ती दिसते. त्यातील 'स्पर्धा' हा रकाना जाहिरातदारांमधील चुरस दाखवतो. विनाजाहिरात निकालांत वर येणे किती कठीण आहे, हे तो सांगत नाही. नवखे लोक येथे हमखास फसतात.

चौथे आणि सर्वांत विश्वासार्ह साधन म्हणजे 'सर्च कन्सोल'. ते संकेतस्थळ सुरू झाल्यानंतरच उपयोगी पडते. कोणते शब्द शोधल्यावर आपले पान लोकांना दिसले, किती जणांनी त्यावर क्लिक केले आणि सरासरी क्रमांक कितवा होता, याची मागील 16 महिन्यांपर्यंतची माहिती त्यात मिळते. अंदाज संपून अनुभव येथून सुरू होतो.

लहान आणि मध्यम शहरांसाठी एक इशारा आवश्यक आहे. 'भिलाई' जोडलेल्या अनेक शब्दांपुढे या साधनांत आकडा अगदी कमी दिसेल किंवा दिसणारच नाही. त्याचा अर्थ मागणी नाही, असा होत नाही. साधनाच्या चाळणीतून लहान संख्या गळून पडतात, एवढाच होतो. घरगुती व्यवसायाला महिन्याला चाळीस नेमके ग्राहक पुरेसे असतात. देशभरातील लाखो वाचक ज्या शब्दाने केवळ पाककृती शोधतात, त्या शब्दामागे धावून त्या व्यवसायाच्या हाती काही लागत नाही.

शब्दामागचा हेतू ओळखणे

याच कारणाने प्रत्येक शोधशब्दापुढे शोधणाऱ्याचा हेतू लिहावा. 'करंजी कशी करावी' असे विचारणाऱ्याला कृती हवी असते. 'करंजी एक किलो किंमत' विचारणारा खरेदीच्या उंबरठ्यावर उभा असतो. 'मराठी फराळ भिलाई सिव्हिक सेंटर' असे टंकणाऱ्याला दुकान किंवा घरपोच सेवा हवी असते. तिन्ही शोधांत पदार्थ तोच, पण उत्तर देणारे पान वेगवेगळे. एका पानावर एकाच हेतूचे उत्तर द्यावे, पानाचे शीर्षक त्याच शब्दांत असावे आणि मजकूर वाचणाऱ्याच्या प्रश्नाला भिडणारा असावा, हा सर्वसाधारण नियम आहे.

स्थळाचा उल्लेखही पूर्ण हवा. केवळ 'सेक्टर 10' न लिहिता 'सेक्टर 10, भिलाई, जिल्हा दुर्ग' असे लिहावे. दुर्ग आणि भिलाई ही जोडशहरे असल्याने अनेकजण 'दुर्ग भिलाई' अशी दोन्ही नावे एकत्र टंकतात. सेवा दोन्हीकडे मिळत असेल, तर पानावर तसे स्पष्ट म्हणावे. स्थानिक ग्राहकासाठी गुगलच्या नकाशावर व्यवसायाची विनामूल्य नोंद करणे हेही तितकेच महत्त्वाचे आहे.

शोधशब्दांची भरताड मात्र टाळावी. पानाच्या अदृश्य भागात शोधशब्दांची रांग भरण्याची जुनी पद्धत अजून काहीजण शिकवतात. निकालांचा क्रम ठरवताना ती यादी विचारात घेतली जात नाही, असे गुगलने 2009 मध्येच जाहीर केले आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असेही ही कंपनी आपल्या मार्गदर्शक सूचनांत सांगते. फोनवरून तशी हमी देऊन पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहिलेले बरे.

नावात शोधशब्द असावा का?

संकेतस्थळाच्या नावातच नेमका शोधशब्द असला की ते निकालांत वर येते, ही समजूत एकेकाळी निराधार नव्हती. त्यामुळे लोकप्रिय शब्दांची नावे घेऊन त्यांवर सुमार मजकूर टाकण्याचे पेव फुटले होते. सप्टेंबर 2012 मध्ये गुगलने आपल्या क्रमवारीत बदल करून अशा निकृष्ट संकेतस्थळांचा हा लाभ काढून घेतला. आज नावातील शोधशब्दाचा उपयोग वाचणाऱ्याला व्यवसायाचे स्वरूप चटकन कळावे, एवढ्यापुरता धरणे योग्य.

अशा नावाचा तोटा मात्र टिकाऊ असतो. 'भिलाई करंजी' अशा अर्थाचे नाव घेतलेल्या व्यवसायाने पुढे लग्नसमारंभांसाठी जेवण पुरवायला सुरुवात केली किंवा रायपूर आणि नागपूरमध्ये विक्री वाढवली, तर नावच कुंपण बनते. शिवाय सामान्य शब्दांचे नाव दुसऱ्याच्या तशाच नावापासून वेगळे ओळखू येत नाही. व्यवसायाचा विस्तार आणि स्वतःची ओळख या दोन्ही दृष्टींनी काहीसे वेगळे, तरीही बोलायला सोपे नाव अधिक उपयोगी ठरते.

उच्चारता यावे, तसेच लिहिता यावे

नाव पारखण्याची सोपी कसोटी म्हणजे दूरध्वनी. एखाद्याला फोनवर नाव एकदाच सांगावे आणि ते रोमन लिपीत लिहायला सांगावे. तिघांनी तीन प्रकारे लिहिले, तर ते नाव सोडून द्यावे.

छत्तीसगडमधील व्यावसायिकांना या कसोटीचे महत्त्व राज्याच्या नावातच दिसते. रोमन लिपीत 'छत्तीसगड'ला 12 अक्षरे लागतात. आरंभी 'सी'नंतर 'एच' एकदा की दोनदा, मध्ये 'टी' एक की दोन, शेवटी 'आर' की 'डी', अशा प्रत्येक वळणावर लिहिणारा अडखळतो. मराठीतही 'छत्तीसगड' आणि 'छत्तीसगढ' अशी दोन्ही रूपे छापली जातात. राज्य शासनाच्या अधिकृत संकेतस्थळाने पूर्ण नावाऐवजी 'सीजीस्टेट' हे आटोपशीर रूप वापरले आहे. वाहनांच्या क्रमांकपट्टीमुळे 'सीजी' ही अक्षरे राज्यात सर्वांच्या परिचयाची आहेत. 'भिलाई' हे नाव त्या मानाने लहान आणि लिहायला सोपे आहे. मात्र राज्याबाहेर व्यवसाय नेण्याचा विचार असेल, तर गावाचे नाव घेतानाही थांबून विचार करावा.

नावात जोडरेषा आणि अंक टाळावेत. नियमांप्रमाणे रोमन अक्षरे, अंक आणि मधली जोडरेषा चालते. परंतु बोलताना जोडरेषा गळून पडते आणि 'दोन' हा अंक आहे की शब्द, हे ऐकणाऱ्याला कळत नाही. लहान-मोठ्या रोमन अक्षरांनी फरक पडत नाही.

डॉट कॉम, डॉट इन की डॉट भारत?

नावाच्या शेवटी काय असावे, हा पुढचा प्रश्न. 'डॉट कॉम' जगभर ओळखीचे आहे. म्हणूनच तेथील सोपी नावे बहुधा आधीच गेलेली असतात. 'डॉट इन' हे भारताचे देशदर्शक नाव. त्याची व्यवस्था नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजेच 'निक्सी', या संस्थेकडे असून 2005 मध्ये ते सर्वसामान्यांसाठी खुले झाले. भारतीय ग्राहकांपुरता व्यवसाय असलेल्यांना ते पुरेसे आहे.

देवनागरीतील 'डॉट भारत' ऑगस्ट 2014 मध्ये सुरू झाले. त्यामुळे संपूर्ण पत्ता मराठीत लिहिता येतो आणि 'ळ' असलेले नावही मूळ रूपात टिकते. यंत्रणा आतून अशा नावाचे 'एक्सएन' या अक्षरांनी सुरू होणाऱ्या रोमन संकेतात रूपांतर करते. काही ठिकाणी तोच संकेत डोळ्यांसमोर येतो आणि काही ई-मेल सेवा तसेच ऑनलाइन अर्ज देवनागरी पत्ता स्वीकारत नाहीत. तूर्त देवनागरी नाव रोमन नावाच्या जोडीने घेणे व्यवहार्य ठरते.

काही शेवट सर्वांना खुले नसतात आणि त्यातच त्यांचे मोल आहे. भिलाईच्या आयआयटीचा पत्ता 'एसी डॉट इन'ने संपतो. तो मान्यताप्राप्त शैक्षणिक संस्थांसाठी राखीव आहे. 'गव्ह डॉट इन' शासकीय यंत्रणांसाठी आहे. बनावट संकेतस्थळांद्वारे होणारी फसवणूक रोखण्यासाठी रिझर्व्ह बँकेने देशातील बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत 'बँक डॉट इन' या राखीव नावाकडे वळण्यास सांगितले होते. पत्त्याचा शेवट हा विश्वासाचा पुरावा मानला जातो, हे त्यातून दिसते.

दुसऱ्याचे नाव घेण्याचा धोका

नोंदणीच्या वेळी नाव 'उपलब्ध' दिसते, याचा अर्थ ते वापरण्याचा कायदेशीर अधिकार मिळतो, असा नाही. मुंबई उच्च न्यायालयाने 1999 मध्ये 'रेडिफ' आणि एका अक्षराने वेगळ्या 'रॅडिफ' या नावांच्या वादात डोमेन नाव हे केवळ पत्ता नसून व्यापारचिन्हासारख्या संरक्षणास पात्र आहे, अशी भूमिका घेतली. सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये सत्यम इन्फोवेच्या 'सिफी' नावाच्या प्रकरणात हेच तत्त्व पक्के केले. 'डॉट इन' नावांच्या तंटयांसाठी निक्सीची स्वतंत्र लवाद पद्धत आहे. नाव आपल्या चिन्हाशी फसवे साम्य असलेले आहे, नोंदणी करणाऱ्याचा त्यावर रास्त हक्क नाही आणि त्याची नोंदणी किंवा वापर वाईट हेतूने झाला आहे, हे तक्रारदाराने दाखवल्यास नाव काढून घेतले जाऊ शकते.

भिलाईत 'सेल' किंवा 'बीएसपी' ही अक्षरे सर्वांच्या जिभेवर असल्याने ती आपल्या संकेतस्थळाच्या नावात घालण्याचा मोह होऊ शकतो. सुटे भाग विकणाऱ्याने किंवा नोकरभरतीची माहिती देणाऱ्याने अशी अक्षरे नावात घातली, तर वाचणाऱ्याची अधिकृत संस्थेशी गल्लत होण्याची शक्यता असते. नाव घेण्यापूर्वी व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावरील विनामूल्य शोध करून पाहणे म्हणूनच शहाणपणाचे. स्पर्धकाचे नोंदणीकृत नाव जाहिरातीसाठी शोधशब्द म्हणून वापरतानाही काळजी हवी. ग्राहकाचा गोंधळ उडत नसेल, तर केवळ तेवढ्याने चिन्हाचा भंग होत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये म्हटले. गोंधळ उडत असेल, तर मात्र प्रकरण अंगाशी येऊ शकते.

नाव कोणाच्या नावावर?

डोमेन नाव विकत मिळत नाही. ते ठरावीक मुदतीसाठी नोंदवले जाते. मुदत किमान एक वर्ष आणि एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षे असते. पहिल्या वर्षाच्या सवलतीच्या दराला भुलून नाव घेतले आणि नूतनीकरणाचा दर पाहिलाच नाही, असे वारंवार घडते. मुदत संपल्यावर संकेतस्थळ आणि त्यावरील ई-मेल दोन्ही बंद पडू शकतात. 'डॉट कॉम'सारख्या नावांसाठी नाव रद्द झाल्यावर 30 दिवसांचा सोडवणुकीचा काळ असतो. त्यात नाव परत मिळते, पण नेहमीपेक्षा बरेच अधिक शुल्क भरून. तो काळही उलटला, की नाव कोणालाही घेता येते. आधीच्या मालकाच्या पाट्या, पिशव्या आणि जुने ग्राहक मग अनोळखी माणसाच्या दारात जाऊन उभे राहतात.

याहून गंभीर चूक नोंदणीच्या दिवशीच होते. संकेतस्थळ बनवून देणारी व्यक्ती सोयीसाठी नाव स्वतःच्या खात्यावर आणि स्वतःच्या ई-मेलवर नोंदवते. पुढे मतभेद झाले किंवा ती व्यक्ती गाव सोडून गेली, की व्यवसायाचे नाव तिच्याच ताब्यात राहते. नोंदणीकर्ता म्हणून मालकाचे नाव, मालकाचाच ई-मेल आणि मोबाइल क्रमांक, खात्याचा परवलीचा शब्द मालकाकडे आणि स्वयंचलित नूतनीकरण सुरू, या चार गोष्टी पहिल्याच दिवशी तपासून घ्याव्यात. नोंदणीसाठी वापरलेला ई-मेल त्याच डोमेनवरील नसावा. अन्यथा डोमेन बंद पडताच नूतनीकरणाची सूचनाही पोहोचत नाही.

काही कारणाने नाव बदलावेच लागले, तर जुने नाव लगेच सोडू नये. जुन्या प्रत्येक पानावरून नव्या पानाकडे कायमस्वरूपी वळण द्यावे आणि ते किमान एक वर्ष चालू ठेवावे, असा गुगलचा सल्ला आहे. त्या काळात दोन्ही नावांचा खर्च सोसावा लागतो.

भिलाईतील त्या कल्पित गृहिणीपुरता हिशेब मांडला, तर क्रम असा निघतो : आधी ग्राहकांचे शब्द वहीत उतरवणे, साधनांवर ते पारखणे, मग फोनच्या कसोटीला उतरणारे नाव निवडून ते स्वतःच्या नावावर नोंदवणे, आणि शेवटी करंजीच्या पानावर 'गुजिया' आणि 'कुसली' हे शब्दही मोकळेपणाने लिहिणे. पुढच्या दिवाळीला लोकांचे शब्द बदलले, तर ते पान अर्ध्या तासात सुधारता येईल. त्यासाठी पाटीवरचे नाव पुसावे लागणार नाही.